जुन्या ४०७ चे वायपर घाटात दमतात, मोटर बदलली तरी तेच

कलमवाली
१४ जून, रात्री ९:०५

नमस्कार मंडळी,

आमची लांज्याजवळ रोपवाटिका आहे. आंबा-काजूची कलमं लावतात ती पावसात, म्हणजे इतरांच्या गाड्या ताडपत्री पांघरून बसतात तेव्हा आमची टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक, सगळ्यात जास्त पळते. लांज्याहून साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर हा नेहमीचा रस्ता. गाडी २००२ ची, बारा व्होल्टची. इंजिनाची काही तक्रार नाही, रडगाणं वायपरचं आहे.

सुरुवातीला दोन्ही वायपर ठीक चालतात. दहा-पंधरा मिनिटांत मंदावतात. घाट लागला की तर काचेवरून पाय ओढत चालल्यासारखे. फास्टला टाकलं की जोर येण्याऐवजी उलट आणखी रडतात. बंद केले की जिथे असतील तिथेच उभे, बऱ्याचदा ऐन ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. मध्ये फ्यूजही उडाला होता, तो वाटेत एका गॅरेजवाल्याने बदलून दिला.

ब्लेड दोन्ही नवे टाकले. मग एका दुकानातून रिपेअर केलेली मोटर आणून बसवली. पहिले काही दिवस बरे गेले, मग ये रे माझ्या मागल्या. आमचे ड्रायव्हर तात्या म्हणतात डायनामो गेला. गॅरेजवाला म्हणतो ही पण मोटर गेली, दुसरी टाका. वायपरची मोटर ही काय दर पावसाळ्यात टाकायची वस्तू आहे का?

पुढच्या आठवड्यात मलकापूरला काजूची कलमं पोचवायची आहेत, वेंगुर्ला-४ आणि ७. घाटात धुकंही सुरू झालंय. माझ्याकडे मीटर आहे, वापरताही येतो. पाने आहेत. कुठून सुरुवात करू ते सांगा.

ओव्हरलोड
१४ जून, रात्री ९:२२

तात्यांचं म्हणणं उडवून लावू नका. डायनामोचा बेल्ट ढिला असेल तर पावसात सटकतो, त्यात हेडलाइट, वायपर, पंखा सगळं एकदम चालू. घाटात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये हेडलाइट पिवळे पडतात का बघा.

चहापुरता
१४ जून, रात्री ९:३०

तंबाखू चोळा काचेला. आमचे काका आयुष्यभर सांगली-चिपळूण याच जोरावर करायचे. वायपर म्हणे आरटीओच्या फिटनेस तपासणीला दाखवायला असतो :)

कलमवाली
१४ जून, रात्री ९:४१

@ओव्हरलोड, बघितलं. गाडी चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीवर १३.८ येतात. लाइट पिवळे पडत नाहीत, हॉर्नही खणखणीत आहे.

@चहापुरता, तात्यांच्या खिशात तंबाखू असतेच, सोय आहे.

तारवाला
१४ जून, रात्री १०:१५

कलमवालीताई, १३.८ येत असतील तर डायनामो सुटला. त्याला सोडून द्या. आणि मोटरही एवढ्यात विकत घेऊ नका. मी एसटीच्या वर्कशॉपात वायरिंगवर होतो. जोड्याने बदललेल्या मोटरी आणि तरीही तसेच रखडणारे वायपर तिथे पोत्याने बघितलेत.

तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, त्यात निम्मं निदान आहे: फास्टला टाकलं की आणखी रडतात.

दोन स्पीडच्या मोटरीत तीन कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) असतात. एक सामाईक आणि एक त्याच्या समोरचा, हे दोन मिळून स्लो स्पीड. तिसरा कार्बन थोडा तिरपा, बाजूला बसवलेला. करंट त्याच्यातून गेला की आर्मेचरचे, म्हणजे फिरत्या भागाचे, कामाला लागणारे वेढे कमी होतात, त्यामुळे मोटर जोरात पळते. पण पळते म्हणजे ताकद वाढत नाही, घटते. वायपरच्या वाटेत अडथळा नसेल तर फास्टला फरक लगेच दिसतो. वाटेत कुठे काही जाम असेल तर स्लोला कसाबसा ओढणारा गडी फास्टला गुडघे टेकतो. तुमच्याकडे नेमकं तेच होतंय. मोटर बिचारी मार खातेय, मारणारा दुसराच आहे.

उद्या उजेडात एवढं करा. कोरड्या काचेवर वायपर चालवून काही ठरवू नका, बादलीने पाणी मारत राहा. आधी नेहमीसारखे चालवून वेग बघा. मग दोन्ही आर्म काचेपासून उचलून उभे करा आणि पुन्हा चालवा. उचलल्यावर पटपट पळाले तर दोष काच, रबर किंवा आर्मच्या स्प्रिंगचा. उचलूनही तसेच रखडले तर काचेचा संबंध संपला, आत शिरायचं.

आत शिरताना पहिली गोष्ट, फ्यूज काढा. तो लिंकेज, म्हणजे मोटरपासून वायपरपर्यंतच्या दांड्यांची जोडणी, कात्रीसारखा चालतो आणि बोट मध्ये सापडलं तर सोडत नाही. मग मोटरच्या क्रँकवरून (मोटरच्या दांड्यावर बसवलेला छोटा हात) लिंक रॉड काढा. क्रँकचा नट खोलू नका. रॉडच्या टोकाला बॉल-सॉकेट असतं, ते चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचकटलं की निघतं. क्रँक तसाच राहिला की नंतर कोन जुळवायची कटकट उरत नाही. आता फ्यूज लावून नुसती मोटर चालवा. आणि मग फ्यूज पुन्हा काढून हाताने लिंक रॉड पुढे-मागे ढकलून बघा. दोन्ही वायपर एका हाताने, दात-ओठ न खाता फिरायला हवेत.

निकाल लिहा, मग पुढे बोलू.

पाना_बारा
१४ जून, रात्री १०:३८

तारवाला काकांना +१. माझी शंभर रुपयांची पैज, ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूचं स्पिंडल, म्हणजे वायपरचा आर्म ज्यावर फिरतो तो दांडा, जाम निघेल. तिकडे कोणी बघत नाही.

निवांत
१४ जून, रात्री ११:०२

एवढी उठाठेव कशाला? कुर्ल्याच्या भंगार बाजारात कुठल्याही कारची अख्खी असेंब्ली मिळते, मोटर, लिंकेज, सगळं. दोन ब्रॅकेट वेल्ड करा, झालं काम.

पाना_बारा
१४ जून, रात्री ११:१०

@निवांत, कारची काच कलती आणि वाकलेली, ४०७ ची जवळजवळ उभी आणि सपाट. स्पिंडलमधलं अंतर वेगळं, आर्मचा झोक वेगळा, क्रँकची लांबी वेगळी. वेल्ड करून बसेल हो, पण एका बाजूला चार बोटं कमी पुसेल नाहीतर खांबावर आपटेल. वर पुन्हा तो भंगारातला माल आधीच किती पावसाळे खाऊन आलाय ते कोण सांगणार?

कलमवाली
१५ जून, दुपारी १:२०

निकाल हाजिर.

पाणी मारत चालवले: रखडत. आर्म उचलून: किंचित बरे, पण रखडतच. लिंक रॉड काढून नुसती मोटर: अहो, भिंगरीसारखी! स्लो आणि फास्टमधला फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

मग हाताने. उजवा, म्हणजे ड्रायव्हरचा, एका बोटाने फिरतो. डावा दोन्ही हातांनी ढकलावा लागतो आणि मध्येच करकरतो. @पाना_बारा, शंभर रुपये तुमचेच. कलमाच्या रूपात चालतील का?

पाना_बारा
१५ जून, दुपारी १:४५

चालतील, हापूस द्या :)

आता स्पिंडल. काय असतं ते आधी सांगतो म्हणजे खोलताना भीती वाटणार नाही. अ‍ॅल्युमिनियमसारख्या हलक्या धातूची एक नळी पत्र्यात बसवलेली, तिच्यातून पोलादी दांडा फिरतो. बाहेरच्या टोकाला आर्म, आतल्या टोकाला लिंकचा हात. वरच्या तोंडाशी रबरी रिंग असते, ती कडक होऊन तडकली की पाणी आत. पोलाद गंजतं, हलक्या धातूची पांढरी भुकटी होते आणि दोघं मिळून जागा भरून टाकतात. किनाऱ्याकडच्या हवेत तर विचारू नका. कंपनीने भरलेलं ग्रीस एव्हाना जुन्या मेणबत्तीसारखं झालेलं असतं.

बहुतेक जण इथे काय करतात, वरून गंज सोडवणारा स्प्रे मारतात. फिरायला लागतं, सगळे खूश. तो स्प्रे पातळ. उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. पुढच्या आठवड्यात आधीपेक्षा जास्त जाम. तुम्हाला मोटर बदलल्यावर "पहिले काही दिवस बरे" गेले ना, माझी खात्री आहे की मोटर बसवणाऱ्याने तेव्हा हाच फवारा मारला असणार.

खरी दुरुस्ती म्हणजे दांडा बाहेर काढणे. आर्म आधी काढा. नट काढल्यावरही तो दात्यांवर चिकटून बसतो. खाली पाना घालून उचकटू नका, काच जाते. बॅटरीचे टर्मिनल ओढायचा छोटा पुलर मिळतो तो लावा. तो नसेल तर नट दोन आटे सैल करून ठेवा, आर्म काचेवरून उचला आणि डावी-उजवीकडे हलके हलवत राहा.

आर्म निघाला की दांड्यावर वॉशर आणि लॉक दिसेल. लॉक काढा, वॉशर कुठल्या क्रमाने होते त्याचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. आता दांडा आतल्या बाजूला ठोकायचा, पण नट परत आट्यांवर टोकापर्यंत चढवून आणि वर लाकडाचा तुकडा ठेवून. उघड्या आट्यांवर हातोडी बसली की टोक पसरतं, मग तो दांडा नळीतून जन्मात निघत नाही. निघायला नाठाळपणा केला तर रात्रभर रॉकेल आणि गियर ऑइल मिसळून सोडून ठेवा. नळी बाहेरून गरम पाण्याने तापवली तरी मदत होते, हलका धातू पोलादापेक्षा जास्त फुगतो. ब्लो लॅम्प नको, शेजारी रबर आणि वायरिंग आहे.

निघाल्यावर दांडा बारीक पॉलिश पेपरने रॉकेल लावून घासा. चकचकीत झाला पाहिजे, पण बारीक होता कामा नये. नळी आतून कापडाच्या चिंधीने. साधं लिथियम ग्रीस भरपूर, नवी रबरी रिंग, वॉशर, लॉक. रिंग मापाने कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते, जुनी घेऊन जा.

तारवाला
१५ जून, दुपारी २:३०

उत्तम लिहिलंय. डावा खोलताय तर उजवाही खोला. आज बोटाने फिरतोय तो आणखी दोन पावसांत डाव्याच्या वाटेने जाणार आहे.

पण ताई, स्पिंडल मोकळं झालं की काम संपलं असं समजू नका. मोटरच्या टोकाशी व्होल्ट किती पोचतात ते मोजायचं राहिलंय. आणि हे मोजमाप लोडवर घ्यायचं. रिकामी मोटर जेमतेम दीड-दोन अँपिअर खाते, तेवढ्याला गंजलेली वायरही पुरते आणि मीटर खोटं आश्वासन देतो. म्हणून सगळं जोडून, काच ओली करून, वायपर चालू असताना मोजा.

तीन रीडिंग. एक, मोटरला येणारी चालू वायर आणि मोटरचं अंग. दोन, मोटरचं अंग आणि बॅटरीचा मायनस. तीन, बॅटरीचा प्लस आणि मोटरला येणारी चालू वायर. शेवटची दोन जितकी शून्याजवळ तितकं चांगलं. पाव व्होल्टच्या आत असेल तर मी बोलणार नाही.

जुनीजीप
१५ जून, दुपारी ४:०५

तुम्ही लोक नशीबवान, विजेवरचे वायपर आहेत. आमच्या जुन्या पेट्रोल विलीज जीपला वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो, म्हणजे चढावर, नेमकं हवं तेव्हा, वायपर झोपतो. उतारावर पाय काढला की वेड्यासारखा पळतो. वरंधा घाट चढताना मध्येच पाय सोडायचा, एकदा पुसू द्यायचं, पुन्हा दाबायचं. डिझेल इंजिनाला तसा व्हॅक्यूमच तयार होत नाही म्हणून तुमच्या ट्रकांची यातून सुटका झाली.

(अवांतराबद्दल क्षमस्व.)

घाटकरी
१५ जून, सायंकाळी ५:५०

अवांतरावरून आठवलं, वर तंबाखूचा विषय निघाला तो थट्टेवारी जाऊ नये. वायपर वाटेत मेला तर खरंच उपयोग होतो. चिमूटभर तंबाखू ओली करून बाहेरून काचेवर चोळली, किंवा बटाटा अर्धा कापून घासला, की पाण्याचे टिपूस गोल न राहता पसरून सपाट पडदा होतो. पडद्यातून दिसतं, टिपसांतून दिसत नाही. जोराच्या सरीत वीसेक मिनिटं धरतं, मग पुन्हा उतरा. पण ते गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन घरी पोचेपर्यंतचं काम आहे. रात्री समोरून हायबीम आला की तोच पडदा पेटतो आणि काही म्हणता काही दिसत नाही. धुक्यात तर नावच काढू नका.

कलमवाली
१६ जून, रात्री ८:३०

दोन्ही स्पिंडल झाली. डाव्याला रॉकेल आणि रात्र दोन्ही लागलं. दांडा निघाला तेव्हा अर्ध्या लांबीवर तपकिरी पापुद्रा आणि खाली बारीक खड्डे. घासल्यावर खड्डे राहिले पण फिरायला मऊ आहे. तात्या बघत उभे होते, शेवटी स्वतःच ग्रीस भरायला बसले.

आता काकांची तीन रीडिंग, काच ओली, स्लो स्पीड, गाडी चालू, बॅटरीवर १३.८:

मोटरपाशी ११.१. मोटरचं अंग ते बॅटरी मायनस १.६. बॅटरी प्लस ते चालू वायर १.१.

वायपर आधीपेक्षा कितीतरी बरे चालतात, फास्टला खरोखर फास्ट होतात. पण आकडे बघून झोप येईना.

तारवाला
१६ जून, रात्री ९:१०

झोप येऊ नये असेच आकडे आहेत. १३.८ मधून २.७ वाटेतच गळतात, आणि स्पिंडल जाम होतं तेव्हा करंट जास्त, म्हणजे गळतीही आत्तापेक्षा जास्त असणार. दहा-पंधरा मिनिटांनी मंदावण्याचं कोडं इथेच सुटतं. जाम स्पिंडल करंट ओढवतं, करंट सांधे तापवतो, तापलेल्या गंजक्या सांध्यांचा विरोध वाढतो, मोटरचे वेढे तापून त्यांचाही वाढतो, आणि ती बिचारी कमी व्होल्टवर तेच ओझं ओढते.

१.६ म्हणजे अर्थ, मोटरपासून बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट, गेलेला. मोटर रबरी बुशांवर बसवलेली असते, आवाज केबिनमध्ये येऊ नये म्हणून. रबरातून करंट जात नाही, म्हणून मोटरच्या अंगापासून पत्र्यापर्यंत वेगळी अर्थची वायर द्यावी लागते. ती एक तर तुटलेली असेल, किंवा मोटर बदलताना कोणी लावलीच नसेल. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालंय का कधी?

कलमवाली
१६ जून, रात्री ९:१८

झालंय, बाबांच्या वेळी, केबिन पूर्ण. अर्थची वायर आहे, बोल्टखाली आहे. आत्ता टॉर्च घेऊन बघितली. बोल्टखाली पत्र्यावर निळा रंग!

तारवाला
१६ जून, रात्री ९:३५

मग मोटर इतकी वर्षं बोल्टच्या आट्यांवर जगतेय. तो बोल्ट काढा, रंग खरवडून पत्रा उघडा करा, लग (वायरीच्या टोकाची कडी) घासून घट्ट करा आणि वरून ग्रीस फासा म्हणजे पुन्हा गंजणार नाही. ग्रीस आधी नाही, घट्ट केल्यावर. शिवाय मी स्वतः एक अडीच स्क्वेअर मिलिमीटरची काळी वायर मोटरच्या अंगावरून थेट चासीला, आणि केबिन ते चासी अशी एक पट्टी वेगळी देतो. केबिन रबरावर, चासी वेगळी, दोघांतला दुवा जुना झाला की हेडलाइटपासून हॉर्नपर्यंत सगळ्यांना थोडं थोडं कमी पडतं आणि दोष एकेकाला लागत जातो.

आता दुसऱ्या बाजूचे १.१. चालू वायर फ्यूजबॉक्समधून स्टीअरिंगखालच्या स्विचमध्ये आणि तिथून मोटरला जाते. आधी फ्यूजच्या चिमट्या बघा, हिरव्या झाल्या असतील तर घासून आवळा. आणि गॅरेजवाल्याने कुठला फ्यूज टाकला तो जरूर बघा.

कलमवाली
१६ जून, रात्री ९:५२

फ्यूज नाहीच. जळक्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलीय.

पाना_बारा
१६ जून, रात्री ९:५५

अगागागा.

तारवाला
१६ जून, रात्री १०:०५

आत्ता काढा, उद्या नाही. फ्यूज उडाला तो स्पिंडल जाम होतं म्हणून, त्याने आपलं काम चोख केलं होतं. झाकणावर जो आकडा छापलाय तेवढाच टाका, एक अँपिअर जास्त नको. मोटर अडकून उभी राहिली तर चालती असतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. तेव्हा तार वितळत नाही, डॅशबोर्डमागची वायर वितळते, आणि तिच्या अंगाला अंग लावून बाकीच्या सगळ्या वायरी असतात.

चिमट्या घासूनही १.१ फारसे उतरले नाहीत तर दोष स्विचच्या आतल्या कॉन्टॅक्टचा. नवा स्विच टाकला तर उत्तम. जुनाच ठेवायचा तर रिले लावा. बॅटरीकडून फ्यूजमधून जाड वायर रिलेला, रिलेतून मोटरला, आणि स्विचवर फक्त रिले ओढण्यापुरता करंट. मात्र दोन स्पीड आणि पार्किंग आहे, त्यामुळे रिले एकाने भागत नाही. हातात नकाशा नसेल तर हे वायरमनकडून करून घ्या.

सोळातेरा
१७ जून, सकाळी ७:४०

मध्येच विचारतो. माझी टाटा १६१३, मोठा ट्रक, चोवीस व्होल्टची. वायपरची मोटर गेलीय आणि गावात बारा व्होल्टचीच मिळते. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून बारा व्होल्ट घेतले तर चालेल ना? एक मेकॅनिक सर्रास करतो.

तारवाला
१७ जून, सकाळी ८:१५

चालेल, बॅटऱ्या मरेपर्यंत. जिच्यावरून घेता ती रोज थोडी जास्त रिकामी होते. डायनामो दोघींना एका माळेत चार्ज करतो, त्याला वेगळं कळत नाही. म्हणून एक कायम उपाशी आणि दुसरी कायम जास्त खाऊन पाणी उकळवणारी. चोवीसची मोटर मागवा, चार दिवस थांबा. अगदीच नड असेल तर चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर येतो, पण तो मोटर उभी राहिली तरचा करंट झेपवणारा हवा.

कलमवाली
१७ जून, रात्री ८:४५

अपडेट. अर्थचा पत्रा खरवडला, नवी काळी वायर चासीला दिली, फ्यूजच्या चिमट्या घासल्या, छापील आकड्याचा फ्यूज टाकला. आता मोटरचं अंग ते मायनस ०.१, प्लसकडे ०.६, मोटरपाशी १३.१. स्विचचं नंतर बघेन.

अर्धा तास पाणी मारत चालवले. दमले नाहीत. तात्या म्हणाले, "एवढे तर गाडी नवी होती तेव्हाही पळत नव्हते." बाबांच्या गाडीबद्दल असं बोललेलं मी ऐकून घेतलं.

राहिलं एकच. बंद केले की अजूनही जिथल्या तिथे थांबतात.

तारवाला
१७ जून, रात्री ९:१५

०.६ वर तूर्त गाडी पळवा.

पार्किंगचं सांगतो. मोटरच्या गियरच्या मागे पितळी पट्टीची तबकडी असते आणि तिच्यावर घासणारे बारीक पाय. पट्टीला एका ठिकाणी खाच. तुम्ही स्विच बंद करता तेव्हा मुख्य करंट तुटतो, पण एक चोरवाट उरते: फ्यूजवरून कायम चालू असलेली एक वायर, तबकडीतून, स्विचच्या बंद बाजूतून, परत मोटरच्या स्लो कार्बनला. मोटर त्या वाटेने फिरत राहते. वायपर खाली पोचला की पाय खाचेत येतो, वाट तुटते, आणि त्याच क्षणी मोटरची दोन टोकं अर्थवर एकत्र जोडली जातात. फिरती मोटर तेव्हा जनित्र होते आणि स्वतःलाच ब्रेक लावते, म्हणून जागच्या जागी थांबते.

यावरून ओळखायचं असं. बंद करताच जिथल्या तिथे थांबला तर चोरवाटेत करंट नाही. बंद केल्यावर थांबतच नाही तर खाचेत काही अडकलंय किंवा पाय वाकलाय. खाली येऊन थांबतो पण किंचित पुढे घसरतो तर ब्रेकची जोडणी गेली.

तुमचा पहिला प्रकार. मोटर बदललेली आहे म्हणून विचारतो, जुन्या मोटरचा प्लग जसाच्या तसा बसला होता का?

कलमवाली
१७ जून, रात्री ९:२८

नाही. दुकानदाराने सांगितलं होतं प्लग वेगळा आहे, वायरी जोडून घ्या. त्याप्रमाणे जोडलेल्या आहेत, पण एक वायर टेप गुंडाळून मोकळी सोडलेली दिसते.

तारवाला
१७ जून, रात्री ९:३३

तीच. दुसऱ्या मॉडेलच्या मोटरीत वायरींचा क्रम वेगळा असतो. इग्निशन चालू, वायपर बंद, अशा वेळी गाडीकडच्या ज्या वायरीवर बारा व्होल्ट कायम दिसतात ती पार्किंगची. ती मोटरच्या मोकळ्या पिनवर, आणि मधे फ्यूज आहे याची खात्री करून. रंगांवर विसंबू नका, तुमच्या गाडीत आतापर्यंत किती हातांनी वायरी जोडल्यात कोण जाणे.

आणि जोडल्यावर दोन्ही आर्म काढून ठेवा, मोटर एकदा चालवून बंद करा, ती आपल्या पार्किंगला जाऊन थांबेल. मगच आर्म काचेच्या तळाशी टेकवून दात्यांवर बसवा. उलटं केलं तर पहिल्याच फेरीत ब्लेड खांबावर आपटतो.

कलमवाली
१८ जून, सकाळी ११:१०

जोडली. बंद केले की शहाण्या मुलासारखे खाली येऊन बसतात. सगळ्यांचे मनापासून आभार. @पाना_बारा, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, हापूसचं कलम ठेवलंय.

शेवटची एक किरकोळ तक्रार. डावा ब्लेड वर जाताना नीट, खाली येताना टक-टक-टक उड्या मारतो. ब्लेड नवा आहे.

घाटकरी
१८ जून, सकाळी ११:४०

रबराची धार खाली-वर जाताना आपसूक दोन्हीकडे कलली पाहिजे. एकाच बाजूला उड्या म्हणजे आर्मला पीळ बसलाय, धार काचेला काटकोनात टेकत नाही. आर्म काढताना ओढाताण झाली की होतं. ब्लेड काढा, आर्मचं टोक काचेवर बघा, पट्टी काचेला समांतर दिसली पाहिजे. नसेल तर दोन पाने लावून अगदी थोडा पीळ उलटा द्या. त्याआधी काच भांड्याच्या साबणाने रगडून धुवा, पुढच्या ट्रकांचा धूर बसून तेलकट थर होतो. नव्या रबरालाही ओल्या कापडाने पुसा, काळं निघतं.

ओव्हरलोड
१८ जून, दुपारी १२:०५

वाचनखूण साठवली. माझ्या गाडीचं फिटनेस जुलैत आहे, आठ वर्षांवरच्या गाड्यांना दरवर्षी लागतं आणि त्यात वायपरही बघतात. चालू वायर ते बॅटरी मोजताना मीटर कुठल्या रेंजवर ठेवू?

तारवाला
१८ जून, दुपारी १२:२०

डीसी २० व्होल्ट. काट्या काळ्या-लाल उलट लागल्या तरी आकडा तोच, फक्त पुढे वजा चिन्ह येईल.